मतपेटी नको, मुदत हवी

येत्या 3 नोव्हेंबर 2026 रोजी अमेरिकेत मध्यावधी निवडणूक होत आहे. आपल्याकडे चर्चा होईल ती ट्रम्प यांच्या पक्षाचे काय होणार याची. पण त्याच मतपत्रिकेवर अनेक राज्यांत न्यायाधीशांचीही नावे असतील. अमेरिकेतल्या 50 पैकी 39 राज्यांत न्यायाधीश कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांसमोर जातात. केंद्रीय न्यायालयांचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना मंजुरी देते. मात्र चोरी, खून, घटस्फोट, घरभाडे असे सामान्य माणसाचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. तिथे न्यायाधीश होण्यासाठी बऱ्याच ठिकाणी प्रचार करावा लागतो.

हे ऐकले की आपल्याकडेही काही जण म्हणतात, मग भारतात का नको? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश कोण होणार, हे कॉलेजियमच्या बंद खोलीत ठरते आणि सरकारच्या दुसऱ्या बंद खोलीत अडते. मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने संसदेत माहिती दिली. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या 715 न्यायाधीशांपैकी 22 अनुसूचित जातींचे, 16 अनुसूचित जमातींचे, 89 ओबीसी आणि 37 अल्पसंख्याक होते. हे 37 म्हणजे सगळे अल्पसंख्याक मिळून. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख सारेच त्यात आले. ज्यांना दारातच उभे राहू दिले जात नाही, त्यांना मतपेटीची वाट मोकळी वाटणे साहजिक आहे.

मतपेटीने काही ठिकाणी दार उघडलेही आहे. 2018 साली टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात, म्हणजे हॅरिस काउंटीत, 17 कृष्णवर्णीय महिला एकाच निवडणुकीत न्यायाधीश झाल्या. मेक्सिकोने तर राज्यघटना बदलून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे न्यायाधीश मतदानाने निवडायचे ठरवले. 1 जून 2025 रोजी तिथे पहिले मतदान झाले आणि ह्यूगो अगिलार हे मिश्तेक आदिवासी समाजातले वकील सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले. पण त्या दिवशी मतदान किती झाले? जेमतेम 13 टक्के. मतपत्रिकेवर अनोळखी नावांची रांग होती, आणि कोणाला मत द्यायचे याच्या चिठ्ठ्या लोकांना आधीच वाटल्या गेल्या होत्या. आपल्या गावातल्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी अडचण पैशाची. एप्रिल 2025 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या फक्त एका जागेसाठी निवडणूक झाली. तिच्यावर 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. उद्योगपती इलॉन मस्क यांनी त्यात कोट्यवधी डॉलर ओतले आणि मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश जाहीर सभेत दिले. त्यांचा उमेदवार पडला, सुझन क्रॉफर्ड जिंकल्या. म्हणून समाधान मानायचे का? जिंकणाऱ्या बाजूनेही कोट्यवधी खर्चलेच होते.

वेस्ट व्हर्जिनियात याहून वाईट घडले. एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने 5 कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. अपील राज्याच्या वरच्या न्यायालयात जाणार होते. कंपनीच्या प्रमुखाने तिथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला निवडून आणण्यासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. तो निवडून आला, त्याच खटल्यात पीठावर बसला आणि भरपाई 3 विरुद्ध 2 मतांनी रद्द झाली. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या न्यायाधीशाने बाजूला व्हायला हवे होते. तोही निकाल 5 विरुद्ध 4 असा काठावरचा.

आणि तिसरी अडचण सर्वांत गंभीर. पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायाधीशाची फेरनिवडणूक जसजशी जवळ येते, तसतशा त्याने दिलेल्या शिक्षा लांबत जातात, असे त्यात दिसले. गुन्हा तोच, कायदा तोच. बदलते ती फक्त निवडणुकीची तारीख.

हे आपल्याला लावून बघा. एखाद्या शहरात दंगल झाली आहे. जामीन अर्ज ज्यांच्यासमोर आहे, त्या न्यायाधीशांची सहा महिन्यांनी निवडणूक आहे. टीव्हीवर रोज रात्री आरोपींच्या नावांचा गजर चालू आहे. त्या न्यायाधीशांनी कायद्याकडे पाहायचे की मतदारांकडे? बहुसंख्येच्या मनात असते ते कायदेमंडळात उतरावे, हे ठीकच. पण ज्याच्या विरोधात सगळे गाव उभे आहे, त्या एकट्या माणसाचेही ऐकून घेणारी एक जागा असावी म्हणून न्यायालय असते. अब्बासी खलिफा अल-मन्सूर यांनी देऊ केलेले काझीपद इमाम अबू हनिफा यांनी नाकारले आणि त्यासाठी कैद सोसली, असे आपल्या परंपरेत सांगितले जाते. सत्तेच्या मर्जीने मिळालेल्या खुर्चीची त्यांना भीती वाटली. गर्दीच्या मर्जीने मिळालेली खुर्ची कमी धोक्याची नसते.

मग आहे ते चालू द्यायचे? मुळीच नाही. आपल्याकडचे दुखणे निवडणूक नसणे हे नाही, खुर्ची रिकामी असणे हे आहे. देशातल्या उच्च न्यायालयांत 1,122 जागा मंजूर आहेत आणि त्यातल्या तीनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा गेली काही वर्षे रिकाम्याच दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर जागा 94; तिथेही पंचवीस-तीस खुर्च्या मोकळ्या असणे नेहमीचेच झाले होते. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंच सुरू झाले. चाळीस वर्षांची मागणी पूर्ण झाली, आनंदच आहे. पण तिथे बसणारे न्यायमूर्तीही त्याच 94 मधून येणार.

रिकाम्या खुर्चीची किंमत कोण मोजतो? 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांच्यात मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त आहे. मुंबईच्या 2006 च्या लोकल बाँबस्फोट खटल्यात 12 जणांना सप्टेंबर 2015 मध्ये शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. त्यावरच्या सुनावणीने खरा वेग घेतला तो जुलै 2024 मध्ये विशेष पीठ बसल्यावर. जुलै 2025 मध्ये सर्व 12 जण निर्दोष ठरले. तोवर त्यांतला एक तुरुंगातच वारला होता. या विलंबाला फक्त रिक्त जागा कारण होत्या असे मी म्हणणार नाही. पण पुरेसे न्यायाधीश असते तर असा खटला नऊ वर्षे ताटकळायला नको होता. स्फोटांत माणसे गमावलेल्या 189 कुटुंबांनाही शेवटी उत्तर मिळाले नाही, हेही विसरता येत नाही.

अमेरिकेकडून घ्यायचेच असेल तर मिसुरी राज्याची एक तरतूद घ्यावी. 1940 पासून तिथे वरच्या न्यायालयांतली जागा रिकामी झाली की एक आयोग तीन नावे सुचवतो. राज्यपालांनी 60 दिवसांत त्यातले एक निवडायचे. त्यांनी नाही निवडले, तर आयोगच नेमणूक करतो. फाइल दाबून ठेवण्याचा फायदाच तिथे उरत नाही.

आपल्याकडे नेमके हेच नाही. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक टप्प्याला मुदत घालून दिली. कॉलेजियमने एकमताने पुन्हा पाठवलेल्या नावाची नेमणूक तीन ते चार आठवड्यांत व्हावी, असेही सांगितले. मुदत उलटली तर काय, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही. न्यायमूर्ती अकील कुरेशी मुंबई उच्च न्यायालयात असताना मे 2019 मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी त्यांची शिफारस झाली. सरकारने ती महिनोन् महिने अडवली आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजियमने शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवले. नाव फेटाळायचे असेल तर लेखी कारण द्यावे लागते. नुसते गप्प बसायला कारण लागत नाही.

म्हणून मागणी साधी असावी. निवृत्तीच्या तारखा आधीच माहीत असतात, तेव्हा नावे सहा महिने आधी जावीत. तसे नियमात आहेच. सरकारला आक्षेप असेल तर तो ठरलेल्या दिवसांत लेखी यावा. नाही आला तर नेमणूक झाली असे समजावे. सुचवलेली नावे आणि त्यांची सामाजिक पार्श्वभूमी जाहीर असावी, म्हणजे 715 मधले 37 हा आकडा संसदेत प्रश्न विचारून काढावा लागणार नाही.

आपल्या खासदाराला आपण रस्ता, पाणी, आरक्षण याबद्दल विचारतो. न्यायालयातल्या रिकाम्या खुर्चीबद्दल कधी विचारले आहे का? समाजाच्या जलशांतून, शिक्षण संस्थांतून मुलांना डॉक्टर-इंजिनियर होण्याचा सल्ला दिला जातो. दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा एमपीएससी घेते, आणि मे 2025 च्या निकालानंतर त्यासाठी तीन वर्षांची वकिली लागते, हे किती घरांत माहीत आहे? ही तीन वर्षे गरीब घरातल्या मुलाला कमाईविना काढावी लागतात. जकातीच्या पैशातून शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांनी गरजू तरुण वकिलांचाही विचार करायला हरकत नाही. तालुक्याच्या कोर्टातली खुर्ची अशा मुलांनीच भरायची आहे.