चौघांच्या गटात आपली मुलगी

गेल्या वर्षीच्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली होती. उपासिका खिरीची भांडी आवरत होत्या, तेवढ्यात आमच्या वस्तीतले एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. महापालिकेच्या पाणीखात्यात कामगार आहेत. हळूच म्हणाले, "भाऊ, पोरगी म्हणते इंजिनिअरिंग सोडते. नापास नाही झाली, काही नाही. विचारलं तर नुसती रडते. तुमचं ऐकेल ती. जरा बोला."

मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला नुकतीच गेली होती. तिचा प्रवेशाचा फॉर्म, जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे माझ्याच हातून भरून गेलेले. कारकुनाला दुसरे काय येते! पण दाखला मिळवून दिला की आपले काम संपले, असे मी धरून चाललो होतो. आत गेल्यावर लेकराचे काय होते याची चौकशी मी कधी केली नव्हती.

संध्याकाळी घरी गेलो. तिने सांगितले ते असे. दुसऱ्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी गट करायला सांगितले. मुलांनी आपापल्या ओळखीने गट केले, ही शेवटपर्यंत उरली. एका गटात तिघेच होते, सरांनी तिला तिथे घातले. विषय तिघांनी आधीच ठरवला होता : टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे यंत्र. हिला म्हणाले, "तू रिपोर्ट टाईप कर, बाइंडिंग करून आण." सर्किट जोडायचे आणि प्रोग्राम लिहायचे काम एकाच्या घरी रात्री चाले. हिला बोलावणे नसे. बोलावले असते तरी रात्री आठनंतर वडिलांनी सोडले नसते, हेही खरे. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी सर्किटमधल्या एका भागावर बोट ठेवून विचारले, हा इथे कशाला? तिला सांगता आले नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही काय फक्त बाइंडिंग केलंत?" बाकीचे हसले.

मी विचारले, "जातीवरून कोणी काही बोललं का?"

"नाही काका. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळ्यांना सीईटीचा रँक विचारला होता. नंतर कोणी काही विचारलं नाही."

ज्यांना कळायचे त्यांना कळले होते. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं काका. तुम्ही म्हणालात, रिपोर्ट तर रिपोर्ट, मार्क मिळतात ना? गप्प राहा आणि डिग्री पदरात पाडून घे."

मी तसे म्हणालो होतो. ऑफिसात वीस वर्षे गप्प राहून नोकरी केलेल्या माणसाचा तो सल्ला होता.

त्यानंतर मी तिच्याकडून अभ्यासक्रम मागून घेतला आणि डिक्शनरी घेऊन वाचला. मी बी.कॉम. माणूस, सर्किटचे मला काही कळत नाही. पण नियम वाचता येतात. मुंबई विद्यापीठाने २०१९ साली आणलेल्या त्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रापासून सहाव्या सत्रापर्यंत दर सत्राला मिनी प्रोजेक्ट होता. गट तीन किंवा चार जणांचाच, कारण हे काम गटाचे आहे असे स्पष्ट लिहिलेले. गटाने लॉग बुक ठेवायचे, दर आठवड्याला काय काम झाले ते लिहायचे, गाइडनी ते तपासायचे. आणि गुण देताना ज्या गोष्टी पाहायच्या त्यांत एक अशी, की गटाचा सभासद किंवा प्रमुख म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा वाटा किती. हे वाचून मी चाटच पडलो. म्हणजे जे तिला मिळाले नाही ते कागदावर तिच्या हक्काचे होते! लॉग बुकात काय लिहिले होते, असे विचारले, तर म्हणाली, "सबमिशनच्या आदल्या रात्री एकाने सगळे आठवडे एकदम भरले."

ही काही एका विद्यापीठाची तऱ्हा नाही. अभियांत्रिकी शिक्षणाचा दर्जा ठरवण्यासाठी निरनिराळ्या देशांनी केलेल्या वॉशिंग्टन करारात २०१४ साली भारत पूर्ण सभासद झाला. त्याप्रमाणे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला जे जे आले पाहिजे त्यांत गटात काम करणे हेही मोजले जाते. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलत आहेत, पण गटाचा प्रकल्प काही सुटलेला नाही.

आपण पालक मात्र समजतो की ही चौथ्या वर्षाची भानगड आहे, तेव्हाचे तेव्हा पाहू. तसे नसते. सुरुवात पहिल्या वर्षीच्या प्रयोगशाळेत होते. एका उपकरणावर तिघे-चौघे. एक जण वायर जोडतो, एक जण मीटर वाचतो, एक जण आकडे वहीत लिहितो. पहिल्या दिवशी जो लिहायला बसला तो वर्षभर लिहितच बसतो. कोणी उठवत नाही आणि तोही उठत नाही. दुसऱ्या वर्षी गट पडतात तेव्हा "हा लिहिणारा" ही ओळख पक्की झालेली असते. मग तिसरे वर्ष, मग शेवटचा मोठा प्रकल्प, आणि त्यानंतर कॅम्पस मुलाखतीत पहिला नाही तर दुसरा प्रश्न तोच : प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले? "आम्ही केले" हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी, दर प्रयोगाला जागा बदलायची असा आग्रह आपल्या मुलांनी धरला पाहिजे. भांडून नव्हे. "आज मी जोडतो, तू लिही," एवढे म्हणायला शिकले तरी पुष्कळ झाले.

उलटा दोषही आपल्या मुलांत आहे. वस्तीतलाच मेकॅनिकलचा एक मुलगा गटाचे सगळे काम एकटा करत असे. "त्यांच्यावर विसंबलो तर माझं वर्ष जाईल," म्हणे. शेवटी ऐन सबमिशनला तापाने पडला आणि गटातल्या कोणालाच पुढचे काही माहीत नव्हते. चौघांचेही हाल झाले.

या दोन्ही गोष्टी पाहिल्या की मला राज्यघटनेचा मसुदा आठवतो. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. पुढे काय झाले ते टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानाच्या कारभारात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब. शेवटी भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर येऊन पडला. हे आपण भाषणांत नेहमी सांगतो आणि सांगायलाच हवे. पण त्याच्या पुढचे कमी सांगतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी श्रेय वाटून दिले. पहिला कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, १४१ दिवस बसलेले समितीचे सभासद, किचकट गोष्ट सोप्या कायदेशीर भाषेत मांडणारे मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, आणि कधी मध्यरात्रीनंतरही राबलेला कर्मचारीवर्ग. कोणी काय केले हे बाबासाहेबांना नेमके माहीत होते आणि ते त्यांनी भर सभागृहात नावांनिशी नोंदवले. आपल्या जयंती कमिटीच्या बॅनरवर वीस फोटो असतात, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांचा एकही नसतो. असो.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला आहे. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. विनयात ठराव मांडायची पद्धत अशी, की मोठ्या बाबतीत प्रस्ताव एकदा जाहीर करून मग तीनदा विचारायचे. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मौन म्हणजे संमती. हे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "म्हणजे मी रिपोर्ट टाईप करायला होकारच दिला होता की, काका?" मला उत्तर सुचले नाही. तिला तीनदा सोडा, कोणी एकदाही विचारले नव्हते, हे मला घरी आल्यावर सुचले.

तिसऱ्या वर्षीही तोच गट राहिला. यावेळी काम सुरू होण्याआधी तिने लॉग बुकाच्या पहिल्या पानावर चौघांची नावे आणि चार कामे लिहून नेली : पॉवर सप्लाय, सेन्सर, प्रोग्राम, रिपोर्ट. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाने दुसऱ्याचे काम समजून घ्यायचे, आणि रिपोर्टची पाने चौघांनी वाटून लिहायची. एक जण लगेच तयार झाला. एक काही बोललाच नाही. तिसरा म्हणाला, "एवढं ऑफिससारखं कशाला?" (हा टोमणा बहुधा मला होता.) तिने पॉवर सप्लाय स्वतःकडे घेतला आणि पहिल्याच दिवशी व्होल्टेज स्थिर ठेवणारा तीन पायांचा भाग उलटा जोडून जाळला. नुकसान फार नव्हते, पण तोंड एवढेसे झाले. वडील म्हणाले, "आमच्याकडे पहिल्या वर्षात किती व्हॉल्व्ह मोडले मी!"

रात्रीच्या कामाचा प्रश्न उरलाच होता. दहा बाय बाराच्या खोलीत चार मुले आणि त्यांच्या वायरी मावणार कुठे? मी विहार कमिटीपुढे विषय ठेवला, की रविवारी दुपारी सभागृहात मुलांना बसू द्यावे. खजिनदारांनी लाइट बिलाचा मुद्दा काढला. त्यांचे चूक नाही, वर्गणी किती जमते ते त्यांनाच माहीत. पाऊण तास चर्चा होऊन ठराव पास झाला.

पहिल्या रविवारी चौघांपैकी तिघेच आले. ज्याला ऑफिससारखे वाटले होते तो आला नाही. विषय होता पाइपातली गळती शोधण्याचा. दोन टोकांना प्रवाह मोजणारे दोन सेन्सर, दोघांच्या आकड्यांत फरक पडला तर मध्ये गळती. मुले मान खाली घालून काम करत होती. मुलीचे वडील डबा द्यायला आले ते तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण पाणी चोवीस तास कुठं असतं? नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते. त्या हवेनंबी मीटर फिरतं. मग तुमचं यंत्र काय दाखवंल?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. हे त्यांच्या पुस्तकात नव्हते. एकाने वही पुढे ओढली आणि म्हणाला, "काका, बसा ना. परत सांगा." ते खुर्चीवर बसेनात, सतरंजीवर मुलांच्या बरोबरीने बसले आणि तासभर सांगत राहिले. पुढच्या रविवारी चौथाही आला.

त्या सत्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हवेचाच प्रश्न विचारला, असे मुलगी सांगते. उत्तर तिने दिले नाही, ऑफिसवाल्याने दिले. पण देताना "हे हिच्या वडिलांनी सांगितलं" असे म्हणाला. गुण सगळ्यांना बरे मिळाले. प्रोग्रामचे काम तिला अजून नीट जमत नाही, ते शेवटच्या वर्षात शिकायचे तिने ठरवले आहे. कॉलेज सोडण्याची गोष्ट पुन्हा निघालेली नाही.

सभागृहात आता रविवारी दुपारी दोन ते सहा टेबल मोकळे असते. दुसऱ्या दोन गटांनीही वेळ मागितली आहे, त्यांत एक गट आपल्या वस्तीबाहेरच्या मुलांचा आहे. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र एकच आहे. कोणाकडे जास्तीचा असल्यास चिटणीसांकडे आणून द्यावा.