एका कॉम्प्युटरचं पाप, सर्व्हरच्या माथी

ऑफिसातले बाकी सगळे कॉम्प्युटर डेटाबेसमध्ये सुखाने शिरतात, एकच अडतो. मग बोलावलेले तज्ज्ञ येतात आणि सगळ्यात आधी काय करतात? सर्व्हर रीस्टार्ट! उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधलं जीन्सचं गोदाम असो, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला कारखाना असो की बदलापुरातली एखादी पॅथॉलॉजी लॅब, सगळीकडे हीच आरती. ज्यांचं चाललं होतं त्यांचंही काम बंद. ज्याचं बंद होतं त्याचं तसंच बंद.

तेवढ्याने भागलं नाही की फायरवॉल बंद. तरीही नाही? मग एसक्यूएल सर्व्हरचं 'एसए' हे सर्वाधिकारी खातंच कारकुनाच्या हवाली करायचं आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला डकवायची. मे 2002 मध्ये स्पिडा नावाचा वर्म याच खात्याचा पासवर्ड कोरा ठेवणाऱ्यांच्या सर्व्हरमध्ये घुसला होता. तेव्हापासून आमची प्रगती एवढीच, की कोऱ्या जागी कंपनीचं नाव आणि पुढे 123 आलं.

अहो, लॉगिन नाकारल्याचा एसक्यूएल सर्व्हरचा 18456 हा एरर क्लायंटला मुद्दामच अर्धवट सांगतो. नाव चुकलं की पासवर्ड, हे घुसखोराला कळू नये म्हणून स्क्रीनवर नुसतं 'स्टेट 1' येतं. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतं. तिथे स्टेट 8 म्हणजे पासवर्ड चुकला, 5 म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही. आणि त्या वेळेची नोंदच नसेल, तर बहुधा विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. मग सर्व्हरचं नाव, आयपी, 1433 पोर्ट बघा. पण लॉग वाचण्यात रुबाब नाही ना!

तेच लॉगिन शेजारच्या कॉम्प्युटरवर टाकून बघायलाही यांना कमीपणा वाटतो. तिथे चाललं तर खातं निर्दोष, खोट याच डब्यात. कुणीतरी कधीकाळी करून ठेवलेला सर्व्हरच्या नावाचा एलियास अजून जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर जात असतो. सॉफ्टवेअर 32 बिटचं आणि ओडीबीसीची नोंद 64 बिटच्या खिडकीत केलेली असते. मराठी पत्र टाइप करून झाल्यावर कीबोर्ड मराठीतच राहिलेला असतो, आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. नाहीतर मदरबोर्डची बॅटरी संपून घड्याळ चुकलेलं. विंडोज डोमेनवर घड्याळ पाच मिनिटांहून जास्त भरकटलं की केर्बेरॉस ओळख नाकारतं. नाण्याएवढी ती सीआर 2032 बॅटरी स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडेही मिळते. अशाच एका कॉम्प्युटरला फॉरमॅट मारलेला मी पाहिला आहे. सगळा डेटा गेला, तारीख चुकीची ती चुकीचीच.

मालकमंडळींनाही सोडत नाही. सगळ्यात स्वस्त एएमसी शोधायची आणि डिस्पॅच अडकला की नशिबाला बोल लावायचा, हे तुमचंच कर्तृत्व. निदान एवढं तरी करा: एरर लॉग न दाखवता चालू सर्व्हरला हात लावणाऱ्याला व्हिजिट चार्ज देऊ नका.