फुटका सायलेन्सर, पास पीयूसी

मराठीत आपण पीयूसी "देत" नाही, "काढतो". परीक्षा देतात, रक्त तपासून घेतात, पण पीयूसी मात्र रहिवासी दाखल्यासारखी काढायची असते. बोलीभाषा अशा बाबतीत फार प्रामाणिक असते. पीयूसी ही तपासणी आहे हे आपल्याला मनापासून कधी पटलेलंच नाही, तो एक कागद आहे. पोलिसाने हात केला की दाखवायचा, बस्स.

तर मंडळी, आजचा विषय आहे सायलेन्सरची गळती. म्हणजे धूर मागच्या नळीच्या टोकातून बाहेर पडण्याऐवजी मधेच कुठेतरी भोकातून, फाटलेल्या गॅसकेटमधून किंवा सैल झालेल्या जोडातून निसटतो तो प्रकार. विषय कंटाळवाणा वाटेल, पण आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना यात एक ओळखीचं दुखणं सापडतं : टेस्ट पास होते आणि सिस्टीम बिघडलेली असते!

आधी यंत्राचं बघू. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नळीच्या टोकातून एक प्रोब आत घालतात. तो निदान ३०० मिलिमीटर आत जायला हवा. (किती ठिकाणी एवढा जातो, ते पुढच्या वेळी स्वतः बघा.) मशीन धुरातला कार्बन मोनॉक्साईड टक्क्यांत आणि न जळलेलं हायड्रोकार्बन पीपीएममध्ये सांगतं. बीएस-४ किंवा त्यानंतरच्या पेट्रोल कारला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून "लॅम्डा" मोजायचा असतो, तो ०.९७ ते १.०३ मध्ये बसला पाहिजे. लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधन यांचं प्रमाण बरोबर आहे का, याचा आकडा.

आता गळती कुठे आहे यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

गळती इंजिनजवळ, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर गंमत बघा. धूर नळीतून संथ वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे नळीतला दाब क्षणभर घटतो आणि त्याच भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, धुरात ऑक्सिजन फार आहे, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. तो तसं ईसीयूला कळवतो. ईसीयू बिचारा आज्ञाधारक, पेट्रोल वाढवतो. मायलेज घसरतं, कार्बन मोनॉक्साईड वाढतो, आणि ज्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने हे सगळं निस्तरायचं त्याच्यावर ताण येतो. इनपुट चुकीचं असलं की कोड कितीही चांगला असू दे, आउटपुट चुकीचंच. ही गाडी नापास होऊ शकते, आणि मालक शिव्या घालतो मशीनला.

गळती मागे, सायलेन्सरच्या डब्याला असेल तर उलटं. तिथे आत शिरलेली हवा धुरात मिसळून त्याला पातळ करते. कारच्या चाचणीत निदान लॅम्डा १.०३ च्या वर जाऊन चोरी पकडली जाऊ शकते. पण जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाईकना ना सेन्सर, ना लॅम्डाची चाचणी. २००० नंतरच्या अशा फोरस्ट्रोक दुचाकींना मर्यादा आहे ३.५ टक्के. समजा बाईक खरं तर ४.२ टक्के ओकते आहे. नमुन्यात पाव हिस्सा बाहेरची हवा मिसळली तर मशीनवर दिसेल ३.१५. पास! म्हणजे सायलेन्सर फुटला म्हणून गाडी पास झाली. दुधात पाणी घातल्यावर "आता फॅट कमी झालं, तब्येतीला चांगलं" म्हणण्यातला प्रकार.

मागच्या महिन्यात सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका केंद्रावर पप्पांच्या कारसाठी रांगेत उभा होतो. पुढची बाईक एवढी तडतडत होती की फोनवर बोलता येत नव्हतं. दोन मिनिटांत कागद हातात, आणि स्वारी रवाना. मी ऑपरेटरला म्हटलं, "अहो, त्याचा सायलेन्सर फुटलाय की." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मशीनमध्ये आवाज येत नाही ओ. आकडा बसला, कागद निघाला." त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं. त्याला आकड्याचे पैसे मिळतात, डोळ्यांचे आणि कानांचे नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ट्रक, टॅक्सीसारखी फिटनेस तपासणी तिला मधे नसते. नवीन गाडीचं पहिलं वर्ष सोडलं तर त्या पंधरा वर्षांत सरकारच्या वतीने कोणी तिच्याकडे बघतं ते फक्त पीयूसीच्या वेळी. बीएस-४ पासूनच्या गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. आणि त्या एकमेव भेटीतही आपण फक्त शेपटीचं टोक तपासतो.

"एवढ्याशा गळतीने काय होतंय बे?" हा सोलापुरी प्रश्न येणारच. आपल्या हवेत धूळ आहे, कारखाने आहेत, बायपासचे ट्रक आहेत, त्यात माझ्या सायलेन्सरचं काय, वगैरे. धुळीचा मुद्दा खरा आहे. पण सोलापूरची हवा ही काही आजची तक्रार नाही. १ एप्रिल २०१० रोजी देशातल्या मोजक्या तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं, त्या यादीत मुंबई, पुणे, दिल्लीच्या पंगतीला आपलं सोलापूर होतं. संपूर्ण देशाला ते लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला, त्यातही सोलापूर आहेच. म्हणजे चांगलं इंधन आणि चांगली इंजिनं आपल्याला इतरांच्या सात वर्षं आधी मिळाली. फुटक्या नळीने ती पुण्याई घालवायची का, एवढाच प्रश्न.

आणि हवा बाजूला ठेवा, माणसांचं बघा. गळती गाडीच्या पोटाखाली असेल आणि तळाला कुठे फट असेल, तर तो धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. मे महिन्यात काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर आई. टेंभुर्णीच्या पुढे ती म्हणते, "डोकं जड झालंय रे", आणि आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. प्रत्येक वेळी ऊनच असेल असं नाही.

कागदावर आपण खूप कडक आहोत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विम्याला पीयूसीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातली आणि जुलै २०२४ मध्ये मागे घेतली. २०२१ पासून देशभर एकच नमुना आणि त्यावर क्यूआर कोड. त्याच वेळी एक फार चांगली गोष्ट आली, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही : नापास गाडीला द्यायची रिजेक्शन स्लिप. ही स्लिप म्हणजे फुकटातला बग रिपोर्ट आहे!

माझं म्हणणं एवढंच की त्या स्लिपवर आकड्यांसोबत "सायलेन्सर गळका" असाही एक रकाना असावा आणि गळकी गाडी मोजायलाच घेऊ नये. त्याला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना सुरू करा, मागच्या नळीवर जाड फडकं क्षणभर दाबून धरा. नळी धड असेल तर दाब जाणवतो, इंजिन गुदमरतं. गळकी असेल तर मधूनच फुसफुस ऐकू येते. जोडांवर काजळीचे काळे डाग दिसतात. दोन मिनिटांचं काम.

यात गरिबाच्या पोटावर पाय येईल, असंही कोणी म्हणेल. रिक्षावाल्याचा दिवस बुडवून चालणार नाही हे कबूल. म्हणून नापास झाल्यावर लगेच दंड नको, दुरुस्तीला आठवडाभर द्या. बऱ्याच वेळा वेल्डिंगचा एक टाका किंवा एक गॅसकेट एवढंच काम असतं. इंजिनाजवळची गळती असेल तर वाचलेल्या पेट्रोलमधूनच तो खर्च वसूल होतो.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पुढच्या वेळी केंद्रावर जायच्या आधी गॅरेजवाल्याला गाडी वर उचलून नळी इंजिनपासून टोकापर्यंत बघायला सांगा. कागद नंतर काढा, आधी गाडी तपासून घ्या.