दोन बायका आणि एक पांडुरंग

गेल्या महिन्याभरात तीन जुनी पुस्तकं पुन्हा वाचून काढली. 'कोसला', 'स्मृतिचित्रे' आणि 'आहे मनोहर तरी'.

'कोसला'बद्दल थोडक्यात. १९६३ सालची ही कादंबरी कॉलेजात असताना डोक्यावर घेतली होती. आता पांडुरंग सांगवीकरचं वडिलांवर वैतागणं जरा लांबतंय असं वाटलं (वय झालं, दुसरं काय!). मनी जाते ती पानं मात्र अजूनही सलग वाचवत नाहीत.

खरा प्रश्न सुनीताबाईंचा. १९९० मध्ये पुस्तक आलं तेव्हा पु. ल. हयात होते, आणि आमच्याकडची मोठी मंडळी अजूनही म्हणतात, "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" (मावशी, रागावू नकोस!) मग हीच मंडळी लक्ष्मीबाई टिळकांचं तोंडभरून कौतुक कसं करतात? टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, बायको मागे राहिली. पुढे १९०० मध्ये तीही झाली. मधल्या वर्षांतले हाल, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, सगळं त्यांनीही लिहिलंच आहे की! फरक एवढाच, त्या हसत हसत सांगतात. सुनीताबाई हसत नाहीत, हिशेब मांडतात. त्यात स्वतःलाही सोडत नाहीत. मधली काही पानं मलाही कोरडी वाटली, ते खरंय. पण बाईनं तक्रार करायची तर ती गमतीगमतीतच करावी, अशी काही अट आहे का? मला तरी ती मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं?

असो. सध्या 'बलुतं' हातात आहे. संपलं की लिहीनच.