वायर गेली, अक्षरं कुठे आहेत?



दिवाळीला पुण्या-नागपूरकडची मुलं गावी येतात तेव्हा आईवडिलांसाठी हमखास काहीतरी वस्तू आणतात. पूर्वी मिक्सर यायचा, मग मोबाईल आला. आता घरच्या कॉम्प्युटरसाठी वायरलेस कीबोर्ड आणि माऊसचा संच येतो. आमच्या नवेगाव बांधातही तो चार-दोन घरांत पोचला आहे, माझ्या टेबलावरही आहे. हजार-दीड हजारात मिळतो, दिसायला नेटका असतो, आणि देणारा मोठ्या कौतुकाने सांगतो, "बघ आई, वायरची कटकट गेली!"

माझा साधा प्रश्न आहे. वायरची कटकट होती कुणाला?

टेबल दोन हात लांब. त्यावर मॉनिटर, त्याच्यापुढे कीबोर्ड. मधलं अंतर वीतभर. गेल्या वीस वर्षांत मला एकही शेजारी किंवा नातेवाईक असा भेटला नाही, जो म्हणाला की "वायर आडवी आली म्हणून मला मराठी पत्र लिहिता आलं नाही." उलट असं म्हणणारे डझनाने भेटले, की "बाई, लिहायचं खूप आहे हो, पण कोणत्या बटणावर कोणतं अक्षर आहे तेच कळत नाही." अडचण ही आहे. आणि ती जशीच्या तशी ठेवून आपण वायर तेवढी कापली.

वायरलेसला माझा सरसकट विरोध नाही. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून खाटेवरून चालवणारे आहेत. मनगट दुखतं म्हणून कीबोर्ड मांडीवर घेणारे आहेत. त्यांनी तो जरूर वापरावा. पण सोय फुकट येत नाही, एवढं लक्षात असू द्या. कीबोर्डला सेल लागतात, माऊसला लागतात. नखाएवढा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत बसवावा लागतो आणि तो झाडलोटीत हरवला तर बरेचदा सगळा संचच अडून बसतो. दाबलेलं प्रत्येक बटण रेडिओ लहरींवरून जातं. अशा लहरी बाहेरच्या माणसाला पकडता येतात का, हे २०१६ साली बॅस्टिल नावाच्या अमेरिकन कंपनीने तपासलं. तेव्हा आठ कंपन्यांचे स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली अक्षरं उघडीच पाठवताना सापडले, आणि ती सुमारे अडीचशे फुटांवरूनही वाचता येत होती. वायरमधून हे इतक्या सहज होत नाही. असो. तो माझा मुख्य मुद्दा नाही.

मुख्य मुद्दा अक्षरांचा आहे. मी पाहिलेल्या वायरलेस संचांपैकी एकाही कीबोर्डवर देवनागरी अक्षर छापलेलं नव्हतं. खोकी रंगीत, आत दहा भाषांमधलं माहितीपत्रक, आणि बटणांवर फक्त ए-बी-सी-डी. महाराष्ट्रात विकायचं, मराठी माणसाला विकायचं, आणि त्याच्या लिपीचं एक अक्षरही द्यायचं नाही!

बरं, मराठीसाठी मांडणीच ठरलेली नाही, असं आहे का? मुळीच नाही. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये ती आधीपासूनच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. आणि मांडणी तरी किती शहाणी! स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क दाबला की क, शिफ्टबरोबर दाबला की ख. ग आणि घ तसेच, त आणि थ तसेच. ज्याने पहिलीत पाटीवर वर्णमाला गिरवली आहे त्याला ही मांडणी परकी वाटूच शकत नाही. शिवाय मराठीत क ज्या बटणावर, त्याच बटणावर बंगालीत, गुजरातीत आणि तेलुगूतही.

पण बटणावर अक्षर छापलेलं नसेल तर या शहाणपणाचं करायचं काय? आमच्या गावाचंच नाव घ्या. इनस्क्रिप्टमध्ये 'नवेगाव' लिहायला सहा बटणं पुरतात. पण ती बटणं कोणती, तर व्ही, बी, एस, आय, ई, बी! सत्तर वर्षांच्या माणसाने समोर छापलेल्या व्हीला न म्हणायचं, बीला व म्हणायचं आणि एसला मात्रा म्हणायची. हे शिकणं नव्हे, ही मुलाखतीतली कोडी झाली.

आता तुमच्यापैकी बहुतेक जण हसत असाल. कारण तुम्ही बरहा आणि गमभनवर वाढलात. रोमनमध्ये उच्चार लिहिला की मराठी उमटतं, मग छापील अक्षरं हवीत कशाला? त्या साधनांचे उपकार मी विसरत नाही. मराठी ब्लॉग उभे राहिले ते त्यांच्या जोरावर. पण ज्याला इंग्रजी येतं त्याच्यासाठी ती सोय आहे. मराठी लिहायचं असेल तर आधी रोमन शिका, ही अट जगातल्या कुठल्या शाळेत लावतात? आमच्या शेजारच्या आजींना मराठी वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचता येतं, सही झोकदार येते. त्यांना मराठी लिहिण्यासाठी तुम्ही आधी इंग्रजीच्या बाकावर बसवणार का?

आणि दुसरी गोष्ट बोलीची. आमच्या झाडीपट्टीत जुनी माणसं डोळ्याला 'डोरा' म्हणतात. हा शब्द रोमनमध्ये साध्या अक्षरांत लिहा. लिहिणाऱ्याला दोरा म्हणायचा आहे की डोरा, हे कॉम्प्युटरला कळायचं कसं? बरहात मोठी-छोटी अक्षरं वापरून भेद करता येतो, कबूल. पण हल्लीची साधनं अंदाज बांधून शब्द पुढे करतात, आणि अंदाज बांधताना ती छापील मराठीकडेच झुकणार. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावात राहिले आणि इथल्या माणसांच्या तोंडून ऐकलेली झाडा-पाखरांची नावं त्यांनी मराठीत नेली. आज इथल्या एखाद्याला तसे शब्द टिपून ठेवायचे असतील तर बटण दाबल्यावर नेमकं तेच अक्षर उमटलं पाहिजे. इनस्क्रिप्ट ते करतं. आपला शब्द बरोबर की चूक हे ते ठरवत बसत नाही.

तिसरं उत्तर दुकानदाराचं. "स्टिकर मिळतात की, लावून घ्या." मिळतात. बोटाच्या घामाने वर्षभरात कडा उचकटतात, अक्षर पुसट होतं, हेही सांगा की. इंग्रजी अक्षर कारखान्यात छापलेलं आणि मराठी अक्षर वरून चिकटवलेलं, ही व्यवस्था कुणाला अपमानाची वाटत नसेल तर नवल आहे.

चौथं उत्तर, "मागणी नाही." ग्रीसची लोकसंख्या साधारण एक कोटी. तिथल्या कीबोर्डवर ग्रीक अक्षरं असतात. इस्रायलमध्ये हिब्रू असतात, थायलंडमध्ये थाई असतात, आणि सोबत रोमनही असतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तेव्हा संख्या कमी पडते असं कुणी म्हणू नये. कमी पडतं ते आपलं मागणं. जी वस्तू कधी दुकानात पाहिलीच नाही ती गिऱ्हाईक मागणार कसं? देवनागरी छापलेले वायरवाले कीबोर्ड आपल्या देशात बनतात, मुद्दाम मागवले तर मिळतातही. म्हणजे छापता येतं. वायरलेसच्या बटणांना काही वेगळी शाई लागत नाही.

नियम करता येत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश केंद्र सरकारने २०१२ साली काढला, तेव्हा पहिल्याच यादीत वायरलेस कीबोर्ड नाव घेऊन घातला होता. म्हणजे सरकारला ही वस्तू माहीत आहे. वापरणाऱ्याला विजेपासून इजा होऊ नये याची काळजी घेतली, चांगलं केलं. भाषेची काळजी घ्यायचं मात्र सुचलं नाही. मोबाईलच्या बाबतीत ते सुचलं. २०१६ च्या आदेशाने ठरलं की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाईलवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे.

त्याचं महत्त्व घरोघरी बघा. ज्या आजी कॉम्प्युटरपुढे बसायला घाबरतात त्याच मोबाईलवर नातीला मराठीत निरोप लिहितात. क्लास लावला नाही, पुस्तक वाचलं नाही. काचेवर क, ख, ग दिसतात, बोट ठेवलं की उमटतात. अक्षर डोळ्यांना दिसलं की माणूस लिहितो, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

महाराष्ट्र सरकारने ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात सांगितलं, की सरकारी पैशातून घेतलेल्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर रोमनबरोबर मराठी देवनागरी अक्षरं हवीत. स्वागत आहे! पण मराठी काय फक्त कचेरीत लिहायची भाषा आहे? पत्रं, आठवणी, जमाखर्च, गावाचा इतिहास, हे सगळं घरच्या टेबलावर लिहिलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेला घरच्या कीबोर्डवर सुईच्या अग्राएवढी जागा नाही.

तेव्हा माझं म्हणणं दोनच ओळींत. सरकारने महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीबोर्डवर, वायरचा असो की बिनवायरचा, देवनागरी अक्षरं सक्तीची करावीत. आणि तोवर आपण दुकानात गेलो की रेंज किती, सेल किती दिवस टिकतात, हे विचारण्याआधी विचारावं, "यावर मराठी अक्षरं आहेत का?" नाही म्हणाला तर खोकं परत ठेवावं. दहा जणांनी ठेवलं तर अकराव्याच्या वेळी दुकानदार वरती कळवेल. धंदेवाल्याला एवढी भाषा बरोबर कळते.

घरातल्या मुलांनो, पुढच्या दिवाळीला वायरवाला आणलात तरी चालेल. फक्त अक्षरं बघून आणा. शेजारच्या आजींना लिहायला बसवायचं आहे.

लोभ आहेच, तो वाढावा. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहावं, आणि शक्यतो देवनागरीत!