उलट वाचा, सुलट वाचा!



आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. तुमच्या एखाद्या तेलुगू मित्राला विचारा, कृष्णदेवरायांच्या दरबारातल्या तेनाली रामाला काय म्हणत? तो सांगेल, ‘विकटकवि’. आता हा शब्द उलटा वाचा पाहू. वि-क-ट-क-वि. तसाच्या तसा! अशा शब्दाला विलोमपद म्हणतात.

आता सांगा, ‘होता विकटकवि राम’ या ओळीतलं सर्वांत लांब विलोमपद कोणतं? तुम्हाला ते लगेच दिसलं. संगणकाला मात्र शोधायची रीत शिकवावी लागते.

रीत सोपी आहे. शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाका. मग एका अक्षरावर उभे राहा आणि दोन्हीकडे एकेक पाऊल सरका. समजा, ‘ट’वर उभे आहात. डावीकडे क, उजवीकडे क. जुळलं! पुढे वि आणि वि. जुळलं! पुढे ता आणि रा. नाही जुळलं, थांबा. लांबी झाली ५. ‘काका’, ‘मामा’ यांचा मध्य मात्र दोन अक्षरांच्या फटीत येतो, म्हणून फटीही तपासायच्या. अक्षरं ९, फटी ८, एकूण १७ जागा. सर्वांत मोठी लांबी लक्षात ठेवायची. झाला प्रोग्रॅम!

खरी गंमत पुढेच आहे. हाच प्रोग्रॅम पायथॉन भाषेत साधेपणाने लिहून चालवला, तर उत्तर येतं ‘कटक’. लांबी फक्त ३! असं का बरं? आपल्याला ‘वि’ हे एक अक्षर. संगणकाच्या युनिकोडमध्ये मात्र ती दोन चिन्हं, आधी व, मग वेलांटी. उलट वाचताना वेलांटी आधी येते आणि जोडी फसते. ‘मध्यम’चंही तेच. ‘ध्य’ आपल्याला एक, संगणकाला तीन : ध, हलन्त, य.

म्हणून आधी त्याला बाराखडी शिकवायची. काना, मात्रा, वेलांटी मागच्या व्यंजनाला चिकटव, हलन्त दिसला तर पुढचं व्यंजनही जोड, मग मोज. आता उत्तर बरोबर ५ येतं.

इंग्रजीसाठी केलेला प्रोग्रॅम आपल्या भाषेला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. संगणकाला मराठी शिकवायची, तर ती जाणणाऱ्यांनीच शिकवायला हवी. म्हणजे तुम्हीच!

आता वही काढा, आई-बाबांनाही शेजारी बसवा. ‘पावसाने पिकांना नवजीवन दिले’ या वाक्यातलं सर्वांत लांब विलोमपद शोधा. आणि एकूण किती जागा तपासाव्या लागतील, तेही मोजा!