पटत नसेल, तर करू नका

"मला स्वतःला हे पटत नाही हो, पण चार माणसांत..." हळदीकुंकवाला आलेल्या विधवेला कुंकू का लावलं नाही, असं विचारलं की हे उत्तर ठरलेलं असतं. ते देणारी बाई खोटं बोलत नसते. तिला खरोखरच पटत नसतं. तिच्या शेजारी वाण घेऊन बसलेल्या कित्येकींनाही पटत नसतं. तरीही संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हा प्रकार बिनबोभाट चालू राहतो. प्रथा मानणाऱ्यांशी निदान वाद घालता येतो. मानत नसूनही पाळणाऱ्यांचं काय करायचं? माझा हा लेख त्यांच्यासाठी आहे, कारण संख्येनं तेच जास्त आहेत आणि प्रथा टिकली आहे तीही त्यांच्याच जिवावर.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की काळ बदलतोय, कायदे होतायत, हेही हळूहळू जाईल. आपण कशाला वाईटपणा घ्या? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला या गावाचा मनापासून अभिमान वाटतो. पण ठराव काही मयताच्या घरी येऊन उभा राहत नाही. तिथे बाई शुद्धीवर नसते, आणि कुणीतरी तिचा हात धरलेला असतो. त्या क्षणी एखाद्या जावेनं, नणंदेनं, भावानं "राहू द्या तिच्या हातात" एवढं म्हणावं लागतं. ते म्हणणारं कुणी निघालं नाही, तर ठराव दप्तरात राहतो आणि बांगड्या फुटतात.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं ते ११ मार्च १८९३ रोजी. म्हणजे कायद्याला छत्तीस वर्षं उलटून गेली होती, तरी मुरुडनं आपल्याच गावच्या या मुलाला वाळीत टाकलं. कायद्यानं लग्नाची वाट मोकळी करून दिली होती. त्या वाटेनं चालावं मात्र माणसांनाच लागलं.

कर्व्यांचं नाव काढलं की दुसरं म्हणणं तयारच असतं: "ते महर्षी होते, आपण साधी माणसं." हे मला अजिबात मान्य नाही. त्या दिवशी कर्वे महर्षी नव्हते. चौतिशीतले, पहिली पत्नी वारलेले, एका मुलाचे बाप असलेले फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे शिक्षक होते. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न हे सगळं पुढचं. आणि गोदूबाई? बालपणीच वैधव्य आलेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या बाईनं जे पणाला लावलं, ते कर्व्यांपेक्षा कमी होतं असं कोण म्हणेल? ही दोघं थोर होती म्हणून त्यांनी धाडस केलं, हा आपला सोयीचा समज आहे. आधी धाडस केलं, थोरपण नंतर आलं.

तिसरं म्हणणं सगळ्यांत वजनदार आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. "सासूबाई थकल्यात, त्यांचं मन कशाला दुखवायचं?" घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मन राखणं हा दुबळेपणा नव्हे, मायाच आहे ती. पण मन राखायचा हिशेब करताना एकच मन का धरलं जातं? आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसलेल्या बाईला मन नसतं का? यावर लगेच सांगतात, "तिला स्वतःलाच नको असतं." असेलही. तिनं नको म्हटलं तर तिच्या कपाळाला हात लावायचा हक्क कुणालाही नाही. पण तिला विचारलं कुणी? लावणाऱ्या बाईची पंचाईत नको म्हणून ती आधीच उठून आत जाते, आणि आपण त्यालाच तिची मर्जी म्हणतो.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. धीर धरायचा उपदेश आपण नेहमी चुकीच्या माणसाला करतो. "तिनंच हिंमत करून टिकली लावावी की!" हे वाक्य प्रगत म्हणवणाऱ्या घरांतही ऐकू येतं. का म्हणून तिनंच? तिनं लावली तर सासर बोलणार, नात्यातल्या बायका कुजबुजणार, मुलीचं लग्न ठरताना तो विषय निघणार. तेच कुंकू एखाद्या सवाष्णीनं तिला विचारून, सगळ्यांच्या देखत लावलं, तर त्या सवाष्णीचं काय जाणार? एक संध्याकाळ जरा अवघडल्यासारखी जाईल, एखादी मावशी पुढच्या वर्षी यायची नाही. जोखीम ज्याला कमी महाग पडते, त्यानं ती आधी उचलावी. पुरुषांना तर ती सगळ्यांत स्वस्त पडते, आणि नेमके तेच "हा बायकांचा विषय" म्हणून बाहेर जाऊन बसतात.

लग्नघरात हे फार जवळून दिसतं. नवरा गेल्यावर शिवणकाम करून, डबे देऊन जिनं मुलाला इंजिनिअर केलं, ती आई त्याच्या लग्नात स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असते. पुण्याहवाचनाला काका-काकू बसतात, ओवाळायला आत्या पुढे होते, आणि आई लांबूनच फोटोग्राफरला जागा करून देत असते. मुलाला हे दिसतं. त्याला पटतही नसतं. "आई ओवाळल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही," एवढं एक वाक्य त्यानं म्हणायचं असतं. गुरुजी अडले तर दुसरे गुरुजी मिळतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं स्त्री-पुरोहितसुद्धा तयार केले आहेत. अडतं ते मुलाच्या गळ्यात.

आपल्या मनासारखं जगायचं म्हटलं की लोकांना नोकरी सोडून हिमालयात गेलेला तरुण आठवतो. जाऊ दे त्याला, त्याचा त्याला लखलाभ. पण जे मनाला पटत नाही ते हातानं करायचं नाही, एवढं साधलं तर कुठेही जायची गरज उरत नाही. चार माणसांत जे म्हणायची छाती होत नाही, ते आपलं मत आहे असं मी मानत नाही.

तेव्हा यंदाच्या संक्रांतीला तुमच्या घरी हळदीकुंकू असेल, तर बोलावण्याच्या यादीत शेजारच्या विधवा काकूंचं नाव घाला. कुंकवाचा करंडा हाती घेतल्यावर त्यांच्यासमोर थांबा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "काकू, लावू का?"